मोठे इंजेक्टर बसवलेत? ट्यूनिंगच्या या चुका टाळा

इंजिनात पेट्रोल फवारणारे नवे इंजेक्टर बसवले, गाडी आयडलला मिसिंग करायला लागली, की लॅपटॉप उघडून फ्युएल मॅपचे, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्याचे, आकडे खालीवर करायचे. चूक इथेच होते. इंजिन तेच आहे, हवा तेवढीच ओढतंय. बदललाय फक्त इंजेक्टर. मग आधी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, त्याची ओळख करून द्या भाऊ, मॅपला हात नंतर.

फ्लोचा आकडा सगळेच भरतात: मिनिटाला ३००च्या जागी ४४० सीसी. पण तो कोणत्या प्रेशरला मोजलाय? ३ बारला मोजलेला इंजेक्टर ४ बारवर सुमारे १५ टक्के जास्त पेट्रोल सोडतो.

विसरला जातो तो डेड टाइम, म्हणजे करंट मिळाल्यावर सुई उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ. साधारण १ मिलिसेकंद धरा. आयडलला पूर्ण पल्सच (करंट चालू असण्याचा वेळ) अडीच मिलिसेकंदांची, म्हणजे पेट्रोल पडतं दीडच. तिथे ०.२ चुकलं तर १३ टक्क्यांचा फरक. फुल लोडच्या १२ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये तीच चूक २ टक्क्यांवर येते, कळतही नाही. म्हणून वर्धा रोडवर मस्त पळणारी गाडी व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला बंद पडते.

त्यात व्होल्टेज उतरलं की डेड टाइम वाढतो. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, एसी, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट सगळं चालू. १४ व्होल्टचे साडेबारा झाले आणि ईसीयूत एकच आकडा भरलेला असेल, तर मिश्रण लीन होणारच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणार. उत्पादकाचा व्होल्टेजनुसारचा पूर्ण तक्ता भरा. तो मिळत नसेल तर ते इंजेक्टर घेऊच नका, कितीही स्वस्त असोत.

आयडलला लीन म्हणजे डेड टाइमच, असंही नाही. बसवताना ओ-रिंग (इंजेक्टरची रबरी सील) कापली गेली तरी मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारा इनटेकचा भाग, तिथून जादा हवा खेचतो. गाडी आयडलला ठेवून लाइट, ब्लोअर लावा. लोड टाकताच मिश्रण आणखी बिघडलं तर संशय डेड टाइमवर. फरक पडला नाही तर ओ-रिंग बघा. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून करत असलेली पेट्रोलची दुरुस्ती, सगळीकडे सारख्याच टक्क्याने सरकलेली असेल तर फ्लो किंवा प्रेशर चुकलंय. फक्त वरच्या आरपीएमला लीन? मग पंप आणि फिल्टर.

ओ-रिंगला तेलाचा हलका हात लावूनच बसवा, आणि स्टार्टर मारण्याआधी नुसती चावी ऑन करून रेलभोवती (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) पेट्रोल पाझरतंय का ते पाहा. गरम इंजिनवर ही घाई जीवावर बेतू शकते.

जुन्या शिकलेल्या ट्रिम पुसायलाही विसरू नका, नाहीतर ईसीयू जुन्याच इंजेक्टरचा हिशेब नव्यावर लावत बसतो. उन्हात उभ्या गाडीचं आयडल लगेच ट्यून करू नका. इनटेक तापलेला असतो, दहा मिनिटं फिरवून आणा.

फुल लोडची ट्यूनिंग समृद्धी महामार्गावर करणारे महाभाग आहेत. ते काम डायनोचं, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्राचं. आणि कोल्ड स्टार्टचे आकडे मेमध्ये जमले म्हणून खूश होऊ नका, डिसेंबरच्या पहाटे ते पुन्हा तपासावे लागतात.