ट्रेडची फिरकी कशी घ्यावी: आधी हिशेब, मग हशा

फँटसी हॉकी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचे) ट्रेड, म्हणजे दोन संघांत खेळाडूंची अदलाबदल झाली की ग्रुपवर पाच मिनिटांत ‘लुटलं रे लुटलं’ सुरू होतं. त्याला विश्लेषण म्हणता येत नाही. ज्याची फिरकी घेतली त्यालाही हसू यावं आणि पुढच्या ट्रेडला त्याचा उपयोग व्हावा, असं लिहायचं तर विनोद आकड्यातून निघाला पाहिजे. नुसता शेरा मारला तर समोरचा भांडतो. आकडा दाखवला तर तोच आकडा तो पुढे महिनाभर स्वतः सांगत फिरतो. (हॉकी म्हणजे इथे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची आइस हॉकी, आणि लीग म्हणजे दादर, ठाणे, बोरिवलीच्या दहा-बारा मित्रांची.)

लिहायला बसण्याआधी ट्रेडच्या रिव्ह्यूची, म्हणजे बाकीच्यांनी त्यावर मत देण्याची मुदत संपू द्या. ट्रेड मतदानाला असताना विनोदी पोस्ट टाकली की तिचा प्रचार होतो, आणि हसता हसता लोक एका चांगल्या सौद्याला व्हेटो करून (नाकारून) मोकळे होतात. वेळही सांभाळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळी सातचे सामने मुंबईत ऑक्टोबरमध्ये पहाटे साडेचारला सुरू होतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेपाचला. पश्चिम किनाऱ्यावरचे त्या काळात सकाळी साडेआठला सुरू होऊन अकराच्या सुमारास संपतात. नऊच्या लोकलमध्ये ‘हा गडी संपला’ असं लिहिलं आणि दादर येईपर्यंत त्याने दोन गोल मारले, तर फिरकी तुमचीच निघते. पोस्ट जेवणाच्या सुट्टीत टाका.

आता हिशेब. सगळ्यात जास्त मजा आणि सगळ्यात जास्त चुका दोनास-एक ट्रेडमध्ये असतात. पॉइंट्स लीग धरा, म्हणजे जिथे खेळाडूच्या सगळ्या कामगिरीची एकाच गुणसंख्येत बेरीज होते. अ संघाने सामन्याला ४.५ गुण देणारा सेंटर (मधला आक्रमक) दिला आणि ३.१ व २.९ वाले दोन विंगर (कडेचे आक्रमक) घेतले. अ खूश, कारण ३.१ अधिक २.९ म्हणजे ६.०, आणि दिले फक्त ४.५. पण त्याचं रोस्टर, म्हणजे संघाची यादी भरलेली होती, म्हणून दुसऱ्या खेळाडूला जागा करायला त्याने बेंचवरचा २.४ वाला सोडला. म्हणजे त्याच्या हातून गेले ६.९ आणि आले ६.०. ब संघाची एक जागा रिकामी झाली, त्याने वेव्हरवरून (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) तोच २.४ वाला उचलला. त्याने ६.० देऊन ६.९ कमावले. फरक सामन्याला ०.९, आठवड्याला तीन सामने धरले तर २.७. विनोद इथेच तयार आहे: ‘दोन घेतले, एक दिला, आणि तिसरा फुकट सोडला. आवळा देऊन कोहळा काढायला निघालेल्याने आवळ्याबरोबर बरणीही दिली.’ ट्रेडमध्ये ज्याचं नावच नव्हतं त्या तिसऱ्या माणसाला नेहमी शोधा. बहुतेक वेळा निकाल तोच लावतो.

अपवाद तपासा. अ संघाचा एखादा खेळाडू जखमी होऊन आयआरवर (जखमींच्या वेगळ्या जागेवर) गेला असेल आणि जागा खरंच रिकामी असेल, तर त्याने कोणालाच सोडलेलं नाही आणि हा हिशेब बदलतो.

खऱ्या एनएचएलचा दाखला द्यायचा तर जो थॉर्नटन. ३० नोव्हेंबर २००५ रोजी बॉस्टनने त्याला सॅन होझेला दिलं आणि बदल्यात मार्को स्टर्म, ब्रॅड स्टुअर्ट व वेन प्रिमो असे तिघे घेतले. त्याच हंगामात थॉर्नटनने एकूण १२५ गुण (एनएचएलमध्ये गुण म्हणजे गोल अधिक असिस्ट, गोलला दिलेले पास) करून गुणांचं विजेतेपद आणि सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी दोन्ही नेलं. तीनास-एक ट्रेड करणाऱ्याला हा दाखला एकदा तरी ऐकवावाच.

दुसरी खाण म्हणजे शॉटची टक्केवारी, म्हणजे शंभर शॉटमागे किती गोल. एनएचएलमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. चांगले नेमबाज त्याहून वर असतात, पण वीस टक्क्यांच्या पुढे वर्षानुवर्षं क्वचितच कोणी टिकतो. विल्यम कार्लसनने २०१७-१८ मध्ये वेगासकडून १८४ शॉटमध्ये ४३ गोल केले, म्हणजे २३.४ टक्के. पुढच्या हंगामात २४ गोल. त्या उन्हाळ्यात ज्याने ४३ गोलांच्या भावाने त्याला घेतलं त्याने नशिबाचे पैसे मोजले. म्हणून ट्रेडमधल्या खेळाडूचे गोल पाहण्याआधी शॉट पाहा, आणि पॉवर प्लेच्या (समोरच्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाच्या) पहिल्या युनिटमध्ये तो आहे की नाही ते पाहा. शॉट तेवढेच आणि गोल कमी, अशा खेळाडूला कोणी वैतागून विकलं असेल तर ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ ही म्हण तिथे चपखल बसते.

कॅटेगरी लीगमध्ये बेरीज करू नका. तिथे हिट्स (अंगाने दिलेल्या धडका), ब्लॉक्स (अडवलेले शॉट), असिस्ट वेगवेगळे मोजायचे, आणि ज्या कॅटेगरीत संघ आधीच पुढे किंवा कायमचा मागे आहे तिथली भर शून्य धरायची. सामन्यांचे दिवसही बघा. तिकडे मंगळवार, गुरुवार, शनिवारी गर्दी असते, म्हणजे आपल्याकडे बहुतेक बुधवार, शुक्रवार, रविवारची पहाट. दोनच सेंटर खेळवता येत असताना चौथा सेंटर घेणारा या दिवशी गुण बेंचवर वाळत घालतो.

लिहिताना मोबाइलच्या एका स्क्रीनच्या बाहेर जाऊ नका. आधी कोण कुठे गेलं, मग एक आकडा, मग एक विनोद, मग दोन्ही संघांना ग्रेड. विनोद निर्णयावर करा. माणसाच्या नोकरीवर, अकलेवर किंवा खेळाडूच्या दुखापतीवर केला की ग्रुप शांत होतो आणि महिनाभर कोणी ट्रेडच करत नाही. तळाच्या संघाची फिरकी हलक्या हाताने घ्या. त्याला लीगमध्ये टिकवणं सगळ्यांच्याच फायद्याचं असतं. जिंकलेल्यालाही एक टोला हवाच, नाहीतर पक्षपात वाटतो: ‘ब संघाने ०.९ कमावले, आता गोलरक्षकांकडे बघायची हिंमत करावी.’

शेवटी अंदाज तारखेसह लिहा: ‘चार आठवड्यांनी अ संघ ट्रेड न करता जिथे असता त्याहून साधारण ११ गुणांनी मागे असेल.’ त्या तारखेला पोस्ट पुन्हा वर काढा, सामन्यामागे सगळ्यांचे गुण टाका, आणि सोडलेला २.४ वाला आता कोणाच्या संघात खेळतोय तेही लिहा.