जीएएफ गुण देताना: वरून खाली या, सरासरी काढू नका

जीएएफ (ग्लोबल असेसमेंट ऑफ फंक्शनिंग) ही मानसिक रुग्णाची लक्षणे आणि रोजचे कामकाज मोजणारी पट्टी. ती १ ते १०० गुणांची असते, दहा-दहाचे टप्पे; गुण जितके जास्त तितकी स्थिती चांगली. डीएसएम-५ ने (मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेने) २०१३ मध्ये ती वगळली, तरी जुन्या केसपेपरवर ती भेटतेच.

सुरुवात ९१–१०० पासून करा. प्रत्येक टप्प्यावर विचारा: लक्षणे किंवा कामकाज, यांतले एकतरी याहून वाईट आहे का? असेल तर एक टप्पा खाली. थांबलात की खालचा टप्पा दोन्ही बाबतींत जास्तच गंभीर ठरतो ना, हे ताडून पाहा. मग त्या दहांतला नेमका आकडा ठरवा.

सर्वाधिक घोळ इथे होतो: कुर्ल्याहून रोज लोकलने फोर्टला कामावर जाणारा माणूस, कामकाज ६५ चे, पण मनात आत्महत्येचे विचार. गुण ४१–५० मध्येच. मधला ५५ देणे म्हणजे धोका झाकणे. जोखमीची तपासणी अर्थात वेगळी आणि लगेच करायची.

पावसाने गाड्या बंद पडून किंवा पाय मोडून कामावर खाडा झाला, तर गुण कापू नका. एरवी गेल्या आठवड्यातली सर्वांत खालची पातळी धरा, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय आकडा लिहू नका.

अपंगत्वाच्या दाखल्याला मात्र हे गुण चालत नाहीत. तिथे आयडियाज (मानसिक आजारामुळे आलेले अपंगत्व मोजणारी भारतीय) मोजपट्टी लागते.