गॅरेजमध्ये लाकडाचा बंब बसवताय? आधी धुराडं नीट करा

नाशकात थंडी पडली, निफाडचा पारा पाचाखाली गेल्याच्या बातम्या आल्या, की घरोघरी बंबाचा विषय निघतो. ढगाळ सकाळी सोलरचं पाणी कोमट येतं आणि ज्यांची बाग आहे त्यांच्याकडे द्राक्षाच्या काड्यांचे भारे पडलेलेच असतात. मग टाकीला जोडायचा लाकडाचा बंब येतो आणि विकणारा सांगतो, "भिंतीला भोक पाडा, पाइप बाहेर काढा, झालं." असं अजिबात करू नका. अंगणात बंब पेटवणं वेगळं आणि चार भिंतींच्या आत पेटवणं वेगळं.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: गाडी आणि बंब एका खोलीत नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरते आणि बंबाचं तोंडही फरशीपासून वीतभरच वर असतं. मध्ये पक्की भिंत घाला, नाहीतर गाडी बाहेर लावा. दोन्ही जमत नसेल तर बंब मागच्या अंगणात पत्र्याखाली बसवा. सिलिंडर, रंगाचे डबे, इन्व्हर्टरची बॅटरी तिथून हलवा. खाली कोबा किंवा शहाबादी फरशी हवी. भिंतीत जमिनीलगत हवेसाठी जाळी ठेवा आणि थंडी वाजते म्हणून तिच्यावर पुठ्ठा लावू नका.

आता धुराडं. सगळी गोम इथे आहे.

पाइपाचा व्यास बंबाच्या धूर निघायच्या तोंडाएवढाच ठेवा. सहा इंची तोंडाला रिड्यूसर लावून चार इंची पाइप जोडणारे मिस्त्री भेटतात. त्यांना तिथेच थांबवा. पाइप शक्यतो सरळ वर न्या. वळण लागलंच तर काटकोनी एल्बो नको, पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड घ्या. आडवा तुकडा कमीत कमी आणि तोही वरच्या दिशेने चढता. भिंतीतून काढून तिथेच सोडलेला पाइप वारा फिरला की धूर उलटा घरात ढकलतो, आणि रो-हाऊस असेल तर शेजाऱ्यांच्या गॅलरीत. पाइपाचं तोंड छतापासून किमान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही दोन फूट वर गेलं पाहिजे. वर पावसाची टोपी लावा, पण धुराला मोकळी वाट ठेवून.

सांध्यांकडे स्वतः उभं राहून बघा. वरचा पाइप खालच्या पाइपाच्या आत बसला पाहिजे. फॅब्रिकेटर हमखास उलटं करतात, कारण बाहेरून पावसाचं पाणी शिरू नये एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. पण ओल्या लाकडाच्या धुरातून काळं, चिकट डांबर पाइपात उतरतं. सांधा उलटा असेल तर ते बाहेर पाझरतं, भिंतीवर ओघळ येतात आणि तोच थर एखाद्या दिवशी पेट घेतो. तळाशी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून झाकण ठेवा, म्हणजे काजळी काढता येते. बंबाजवळच्या भागाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप नको; तापला की तो मुलामा जळून विषारी धूर होतो. जाड एमएस (साधं पोलाद) किंवा स्टेनलेस घ्या. नाशकातल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत हवा तसा करून मिळतो.

छतातून पाइप जातो तिथे लाकडी वासा, फायबरचा पत्रा, वायरिंग यांपासून दीड फूट अंतर ठेवा. सिमेंटचे जुने पत्रे घरी कापू नका. त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ घातक असते.

परीक्षा सोपी आहे. आधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून पाइप गरम करा, मग बंबाच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत रेंगाळला तर लाकूड पेटवूच नका. एक्झॉस्ट फॅन चालू करून पुन्हा बघा. पुष्कळदा हा पंखाच धूर उलटा खेचतो. मग तो काढावाच लागतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याचा वेगळा अलार्म मिळतो, तो गॅरेजमध्ये आणि आतल्या खोलीतही लावा. धुराचा अलार्म त्याचं काम करत नाही. डोकं जड झालं, मळमळलं, की सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं. आणि बंब पेटलेला असताना शटर खाली ओढायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

प्लंबिंगमध्ये एकच गोष्ट अडून मागा: एअर व्हेंट. बंबाच्या माथ्यावरून निघणारा, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन फूट वर जाणारा, वरून उघडा पाइप. त्यावर कॉक नाही, बूच नाही. गीझरला थर्मोस्टॅट असतो, लाकडाला नसतो. पाणी उकळलं आणि वाफेला वाट नसली तर बंबाची टाकी फुटते. प्रेशर पंपाच्या लाइनला बंब जोडू नका. गरम पाण्याचे पहिले पाच-सहा फूट धातूचेच, सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) त्यानंतर.

तोटीतून पाणी सलग आलं की मगच काडी लावा.

द्राक्षाच्या काड्या फक्त पेटवणापुरत्या. त्या भसकन जळतात आणि ज्वाळा पाइपात चढतात. जाळायला वाळलेली बाभूळ बरी. काजळी हंगामात दर महिन्याला काढा. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.