कुंडीतला गवती चहा: लावण्यापासून कपापर्यंत

गवती चहाचं बी शोधत बसू नका. तो ठोंबातून वाढतो, आणि ओळखीत कुणाच्या ना कुणाच्या अंगणात किंवा गॅलरीत ठोंब असतोच. त्यातले मुळांसकट तीन-चार फुटवे मागून आणा. बाजारातल्या जुडीत बहुतेकदा नुसती पाती असते, ती रुजत नाही. खालचा पांढरट बुडखा शाबूत असेल तर मात्र तो पाण्याच्या ग्लासात उभा करून पाहा, मुळं फुटली की लावा.

नर्सरीतून रोप घेणार असाल तर आधी एक पान चुरगळून वास घ्या. डास पळवणाऱ्या तेलासाठी लावतात ते सिट्रोनेला गवत दिसायला अगदी असंच असतं. त्याच्या बुंध्याशी लालसर-जांभळी झाक असते आणि वासाने डासांच्या मलमाची आठवण होते. गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा-पांढरा असतो आणि वास स्वच्छ लिंबाचा येतो. खात्री पटत नसेल तर ते रोप चहासाठी नेऊ नका.

लावणी

पावसाळ्याची सुरुवात उत्तम. साधारण 12 इंचांची, खाली भोकं असलेली कुंडी घ्या. मातीत शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मिसळा, फुटव्यांची पाती वरून छाटा आणि बुडखा मातीत दोन-तीन इंच जाईल असे लावा. ऊन हवं, निदान पाच-सहा तास. सावलीत पात लांबते, पण वास धरत नाही. उन्हाळ्यात रोज पाणी, थंडीत मातीला हात लावून ठरवायचं. एक-दोन वर्षांनी कुंडी गच्च भरते. तेव्हा ठोंब उपटून विभागायचा आणि जास्तीचे फुटवे वाटून टाकायचे.

शेजारी एका कुंडीत तुळस आणि एका पसरट डब्यात पुदिना असला की रोजचं भागतं. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, म्हणजे पानं येत राहतात. पुदिन्याला वेगळी जागाच द्या, तो दुसऱ्या झाडाला टिकू देत नाही.

तोडणी

पात ओढून काढू नका. तिच्या कडा धारदार असतात, बोट कापतं. जमिनीपासून चार-पाच इंच वर कात्रीने कापा, बाहेरची जून पाती आधी. तांबेऱ्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे तांबूस ठिपके असलेली पानं टाकून द्या. पानांच्या बेचक्यात धूळ बसते, म्हणून वाहत्या पाण्याखाली बोटं फिरवून धुवा.

चहा करताना

दोन कपांसाठी अडीच कप पाणी, तीन-चार लांब पाती आणि अर्धा इंच ठेचलेलं आलं. पातीची गुंडाळी करून तिलाच गाठ मारा, गाळताना सोपं जातं. पाणी उकळलं की पात आणि आलं टाका, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं होऊ द्या. पात चिवट असते, तिला एवढा वेळ लागतो.

तुळस आणि पुदिना मात्र गॅस बंद केल्यावर. पाच-सहा तुळशीची पानं, तेवढाच पुदिना, हाताने चुरगळून टाका आणि तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. वास पानांतल्या तेलाचा, आणि ते वाफेबरोबर उडतं. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला की आपण खूश होतो, पण तेवढा वास कपातून गेलेला असतो! लिंबू पिळायचं तर गाळल्यावर, मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर.

दूध हवंच असेल तर पात आणि आलं पाण्यात चांगलं उकळून मग चहापत्ती, आणि शेवटी तापवलेलं दूध घाला. कच्च्या आल्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) दूध फाटू शकतं. आलं आधी उकळलं की तो निकामी होतो. पुदिना आणि लिंबू या चहात नकोच. माझं मत विचाराल तर गवती चहा बिनदुधाचाच खरा, पण घरातल्या मोठ्यांशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

किती आणि कुणी प्यावा

दिवसाला एक-दोन कप पुरे. चहापत्ती नसेल तर त्यात कॅफीनही नसतं, त्यामुळे रात्री जेवणानंतरही चालतो. गरम, सुगंधी आणि बिनसाखरेचा असा तो घेता येतो, हाच त्याचा मोठा फायदा. साखरेच्या दोन कपांची जागा त्याने घेतली तरी खूप झालं. ताप, रक्तदाब, मधुमेह यावरचं औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नका, चालू गोळ्या तर मुळीच सोडू नका.

चहा आणि काढा यांची गल्लत करू नये. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सुचवला होता. घरोघरी मग पातेली भरभरून उकळली गेली आणि अनेकांच्या पोटात आग पडली. पित्ताचा त्रास असेल तर आलं-मिरी कमी करा, आणि छातीत जळजळ होत असेल तर पुदिनाही टाळा, त्याने ती वाढू शकते. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी रोज भरपूर घेतली तर यकृताला बाधू शकते. ज्येष्ठमध सतत घेतल्याने रक्तदाब वाढतो. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच रोजची सवय लावावी.

जास्तीची पात

धुऊन, पुसून, कात्रीने बारीक कापून सावलीत पसरा. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. हातात कुरकुरीत मोडली की काचेच्या बरणीत भरा आणि बरणी कपाटात ठेवा. वाळलेली पात मापाने निम्मीच घाला. पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका, बुरशी धरते. तेव्हा कापलेली पात डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका आणि तशीच थेट उकळत्या पाण्यात सोडा.