विनेग्रेत वाडग्यातच फेटा, बाटली आणू नका

आमच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या घरात हिरवं सॅलड जेवणाच्या सुरुवातीला येत नाही. मुख्य पदार्थ संपला की, चीजच्या आधी, त्याच ताटात पानं वाढली जातात. कोंबडीचा थोडा रस ताटात उरला असेल आणि तो पानांना लागला, तर छानच! सॅलड म्हणजे इथे नुसती पानं, काकडी-टोमॅटोची गर्दी नाही. त्यामुळे सगळी मदार विनेग्रेतवर, म्हणजे पानांना लावायच्या तेल-व्हिनेगरच्या मिश्रणावर. ती विकतची घेणं मला खरंच पटत नाही, कारण घरी करायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

चौघांसाठी एक मोठा चमचा व्हिनेगर, तीन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा दिजाँची मोहरी (बरणीत मिळणारी वाटलेली मोहरी, दाणे नव्हेत), मीठ आणि मिरपूड घ्या. ज्या वाडग्यात सॅलड वाढायचं, त्यातच आधी मीठ आणि व्हिनेगर एकत्र करा. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नका. मग मोहरी घालून काट्याने फेटा आणि तेल बारीक धारेने सोडत राहा. मिश्रण पिवळसर, दाटसर दिसलं की झालं. तेल वेगळं होऊ लागलं, तर अर्धा चमचा मोहरी आणखी घालून पुन्हा फेटा. तेल आणि व्हिनेगर यांना धरून ठेवायचं काम तीच करते. कासुंदी, म्हणजे बंगाली मसालेदार मोहरीची चटणी, चालणार नाही, तिच्यातल्या मसाल्यांपुढे पानांची चव उरत नाही.

या मोहरीचे दाणे मुख्यतः कॅनडातून येतात. तिथे २०२१ मध्ये दुष्काळ पडला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात इथल्या दुकानांतले मोहरीचे कप्पे रिकामे पडले. शेजारीपाजारी एकमेकांना कुठे बरणी मिळते ते सांगत होते, इतकी ती रोजची गरज आहे.

तेल रोजच्यासाठी सूर्यफुलाचं किंवा कोल्झाचं (मोहरीच्या कुळातल्या बियांचं). शेंगदाण्याचं रिफाइंड तेलही फ्रेंच स्वयंपाकघरात जुनंच आहे, पण घाण्याचं नको, त्याचा वास जड पडतो. हिवाळ्यात आंदीवची कडसर किंवा माशची छोटी कोवळी पानं असतील, तर एक चमचा अक्रोडाचं तेल घाला. ते लवकर खवट होतं, बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

आता पानं. सुरी लावू नका, हाताने तोडा आणि भरपूर पाण्यात धुवा. यापुढचं काम लोक घाईत उरकतात, आणि सॅलड तिथेच बिघडतं. पानं खडखडीत कोरडी हवीत. पाणी राहिलं तर विनेग्रेत पानांवरून घसरून तळाशी बसते. माझ्या सासूबाई पानं स्वच्छ पंचात घेतात, चारही टोकं मुठीत धरतात आणि बाल्कनीत जाऊन हात गोल फिरवतात. पंचा भिजतो, पानं कोरडी होतात. फिरकीचं भांडं घरात आहे, तरी त्या पंचाच वापरतात.

वाडग्यात विनेग्रेतवर दोन लाकडी चमचे आडवे-उभे ठेवा आणि पानं त्यांच्यावर रचा, म्हणजे ती जेवणाच्या वेळेपर्यंत रसापासून दूर राहतात. कालवायचं मात्र टेबलावरच, तळापासून वर उचलत, प्रत्येक पान चकाकेपर्यंत. लेट्यूसची मऊ पानं दहा मिनिटांत लुळी पडतात. फ्रिझे ही कुरळी पानं जरा दम धरतात. खाताना पान कापत नाहीत, काट्यावर घडी घालून तोंडात घेतात. पूर्वी चांदीच्या सुऱ्या व्हिनेगरने काळ्या पडायच्या, ही रीत तेव्हाची असं सांगतात.

विनेग्रेत थोडी जास्त केली असेल, तर दुसऱ्या दिवशी लीकच्या (कांद्याच्या कुळातल्या भाजीच्या) दांड्या मऊ होईपर्यंत उकडा, पाणी दाबून काढा आणि गरम असतानाच विनेग्रेत त्यांच्यावर ओता. गार झाल्यावर ओतली, तर ती आत मुरत नाही.