शालीची मिटलेली जाळी अशी उघडली
सुयांवरून उतरवली तेव्हा जाळीची शाल नुसती चुरगळलेली दिसत होती. धागा पुढे घेऊन पाडलेली भोकं मिटलेली, कडा आत वळलेल्या. वीण बरोबर होती, फक्त लोकर ताणून वाळवायची बाकी होती.

शाल कोमट पाण्यात अर्धा तास बुडवली. पिळायची मात्र मुळीच नाही! आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलात गुंडाळून दाबली. पाणी तो भराभर पितो. मग गादीवर चादर अंथरली आणि तिच्या नक्षीच्या सरळ रेघांवर कडा बेतत, न गंजणाऱ्या टाचण्यांनी शाल चहूबाजूंनी ताणली. इथलं ऊन लोकरीला फार कडक, म्हणून पंख्याखालीच वाळवली. पूर्ण सुकल्यावर टाचण्या काढल्या, तर एकेक भोक स्वच्छ उघडलेलं. लोकरीला हे छान जमतं. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याने असा आकार धरत नाही.