आजार रेड्याला, औषध पखालीला: लाइफ कोच गाठण्याआधी या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मी एका लाइफ कोचकडे गेले, तेव्हा निदान घरूनच करून गेले होते: मला शिस्त नाही. सकाळी उठवत नव्हतं, कामं रेंगाळत होती, दुपारनंतर डोकं चालत नव्हतं. दर आठवड्याला कुणीतरी जाब विचारणारं मिळालं की गाडी रुळावर येईल, असा माझा हिशोब. पहिल्या सेशनमध्ये मोठ्या उत्साहाने वेळापत्रक आखलं. दुसऱ्या सेशनपर्यंत त्यातली एकही गोष्ट झालेली नव्हती. कोचबाईंनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "झोपून उठल्यावरही थकलेल्या असता का?" मी हो म्हटलं. "मग आधी डॉक्टरांना दाखवा. पुढचं सेशन त्यानंतर घेऊ."

रक्ततपासणीत कळलं की थायरॉइड मंदावलेला आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत सकाळी उठणं हा विषयच उरला नाही. म्हणजे मी शिस्तीवर पैसे खर्च करत होते आणि दुखणं गळ्यातल्या एका ग्रंथीत होतं!

म्हणून कुणी "कोचिंगचा उपयोग होतो का हो?" असं विचारलं की मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. तुमचं नेमकं कुठे अडलंय, ते आधी सांगा. बहुतेक चुका तिथेच होतात, कोच निवडण्याच्याही आधी.

कोच काय करतो, हेच माहीत नसणं

रेल्वेचा कोच आणि हा कोच, शब्द एकच. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथे बनणाऱ्या घोडागाड्यांवरून तो युरोपभर पसरला. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणी मास्तरांना गमतीने कोच म्हणू लागले, मग खेळाच्या मैदानावर तो शब्द रुळला. आजचं लाइफ कोचिंगही बरंचसं मैदानातूनच आलंय. १९७० च्या दशकात टिमोथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकाच्या लक्षात आलं की सतत सूचना देण्यापेक्षा खेळाडूचं लक्ष चेंडूकडे वळवलं, तर तो आपलं आपण सुधारतो. ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर यांनी हीच दिशा कामाच्या जगात नेली. त्यांच्या नावाशी जोडलेली 'ग्रो' पद्धत आजही बरेच कोच वापरतात: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निर्धार.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं? समजा तुम्ही म्हणालात, "नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचंय." कोच विचारेल, ते सुरू झालं हे कशावरून ओळखायचं? तुम्ही म्हणाल, पहिले तीन ग्राहक मिळाले की. आजवर काय केलंत? दोन वर्षांत तीन लोगो बनवून घेतले. ग्राहक होऊ शकेल अशा किती जणांशी बोललात? एकाशीही नाही. इथे खोलीत जरा शांतता पसरते. मग प्रश्न येतो: या आठवड्यात कुणाशी बोलणार, आणि कुठल्या दिवशी?

यात कोचने नवं असं काहीच सांगितलं नाही. उत्तरं तुमचीच होती, फक्त ती तुमच्या तोंडून वदवून घेतली गेली. हे ज्याला हवंय त्याला कोचिंग फळतं. ज्याला "तू हे कर, ते करू नको" असं सांगणारं माणूस हवंय, तो तिसऱ्या सेशनला वैतागतो आणि म्हणतो, "प्रश्नच विचारतात नुसते." त्याला सल्लागार हवा होता किंवा त्याच वाटेने पुढे गेलेला एखादा अनुभवी माणूस.

दुखण्याला ध्येयाचं नाव देणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि ती मी केलेली असल्यामुळे तिच्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

कोचला भेटण्याआधी आपली अडचण एका वाक्यात लिहून काढा. "काय करायचं ते कळतंय, पण होत नाही" असं वाक्य निघालं, तर कोचचा उपयोग होण्यासारखा आहे. "कसं करायचं तेच कळत नाही" असं निघालं, तर आधी शिकवणारा माणूस शोधा. कर्जाचं गणित, मुलाखतीची तयारी, कायद्याची बाजू या गोष्टी नुसते प्रश्न विचारून सुटत नाहीत. आणि वाक्यात 'सहन होत नाही', 'कशातच मन लागत नाही', 'सारखी भीती वाटते' असे शब्द आले, तर समुपदेशक किंवा डॉक्टर.

गोम अशी की तिसरं वाक्य बऱ्याचदा पहिल्याचे कपडे घालून येतं. नैराश्य आलेला माणूस "मला नैराश्य आलंय" असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, "मी आळशी झालोय." ऑस्ट्रेलियात कोचिंगसाठी स्वतःहून आलेल्या लोकांच्या दोन अभ्यासांत असं दिसलं की त्यांच्यापैकी पाव ते निम्म्या लोकांचा मानसिक ताण उपचारांचा विचार करावा इतका होता. म्हणजे चुकीच्या दारात उभी राहिलेली मी काही एकटीच नव्हते.

डॉक्टर प्राथमिक चाळणीसाठी दोन प्रश्न विचारतात, ते स्वतःला विचारून पाहा. गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस कमी झालाय का? आणि उदास, खिन्न, हताश वाटत राहिलंय का? यातलं काहीही निम्म्याहून जास्त दिवस होत असेल, तर कोचचा विषय सध्या मिटवा आणि डॉक्टरांकडे जा. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला गाठा. थकवा, वजनातले बदल, बिघडलेली झोप असं काही असेल तर शरीराची तपासणी आधी. 'ध्येय' नंतर पळून जात नाही.

दोन्ही एकत्र चालू शकत नाही का? चालतं. समुपदेशकाकडे उपचार सुरू असताना लोक कोचकडे जातात आणि त्यांना दोन्हीचा फायदा होतो. फक्त कोणाकडे काय बोलायचं हे स्पष्ट हवं आणि दोघांनाही एकमेकांबद्दल ठाऊक हवं. एखादा कोच "औषधं बंद करा, माझ्या पद्धतीने बरे व्हाल" असं सुचवू लागला, तर त्या खुर्चीतून उठायला सेशन संपायची वाट पाहू नका.

परिस्थितीचा दोष स्वतःच्या माथी मारणं

तीन माणसांचं काम एकट्यावर पडलंय आणि आपण वेळेचं नियोजन शिकायला निघालोय, हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. घरात मारहाण होत असेल, पगार महिनोन्‌महिने थकला असेल, आजारी माणसाची चोवीस तास शुश्रूषा एकट्याच्या गळ्यात असेल, तर बदलायला हवी ती परिस्थिती. चांगला कोच हे ओळखतो आणि वाटाघाटी कशी करायची, मदत कुणाकडे मागायची इकडे संभाषण नेतो. कच्चा कोच तुमची 'मानसिकता' दुरुस्त करायला बसतो, आणि तुम्ही आधीच थकलेले असताना वर अपराधी होऊन घरी येता.

दुसऱ्याच्या इच्छेने जाणं

जोडीदार म्हणाला, साहेबांनी पाठवलं, मैत्रिणीला फायदा झाला. धूम्रपान सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये दाखवलं की बदल टप्प्याटप्प्याने होतो आणि पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला बदलायचंच नसतं. त्याला कृतीची योजना देऊन उपयोग शून्य.

पैसे कंपनी भरत असेल तर एक गोष्ट आधीच लेखी ठरवून घ्या: सेशनमध्ये बोललेलं वरिष्ठांपर्यंत किती पोहोचणार. आणि कोचशी बोललेलं, डॉक्टर किंवा वकिलाशी बोललेल्याप्रमाणे कायद्याने झाकलेलं असेलच असं धरून चालू नका.

प्रमाणपत्र पाहून निर्धास्त होणं, किंवा ते न पाहताच पैसे भरणं

बहुतेक देशांत लाइफ कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. आज ठरवलं, उद्या पाटी लावली. म्हणून स्वयंनियमन करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांतली जगभर मान्यता असलेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रमाणपत्रांच्या चढत्या क्रमाने तीन पायऱ्या आहेत: एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास कोचिंगचा अनुभव लागतो. पीसीसीसाठी हेच आकडे १२५ आणि ५०० असे आहेत, तर एमसीसीसाठी २०० आणि २५००. याचा आणखी एक फायदा असा की कोच संस्थेचा सदस्य असेल तर आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायला एक जागा असते.

पण तास म्हणजे तासच. ५०० तास बसलेल्या माणसाशी तुमचं जुळेलच असं नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी एक प्राथमिक भेट घ्याच, बरेच कोच ती विनामूल्य देतात. त्या भेटीत मी एक प्रश्न आवर्जून विचारते: "तुम्ही शेवटचं कुणाला परत पाठवलंत, आणि का?" नाव नको, प्रसंग सांगा. ज्याने कधीच कुणाला दुसरीकडे पाठवलेलं नाही, तो एक तर नवखा आहे किंवा त्याला प्रत्येक समस्येवर आपलंच औषध चालतं असं वाटतं.

याच भेटीत काही गोष्टी आपोआप उघड्या पडतात. कोच किती वेळ स्वतःची यशोगाथा सांगतो? उत्पन्न दुप्पट करण्याची, लग्न जुळवण्याची हमी देतो का? "आजच भरलंत तर सवलत" असं म्हणतो का? सगळ्यात ओळखू येणारं वाक्य वेगळंच आहे. तुम्ही म्हणता, सध्या एवढे पैसे नाहीत. समोरून उत्तर येतं, "पैशाकडे बघण्याचा हा दृष्टिकोनच तुमची खरी अडचण आहे." ही विक्री आहे, कोचिंग नव्हे. कोचसाठी कर्ज काढायला लावणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. सुरुवातीला तीन-चार सेशनपुरतेच पैसे भरा, आणि मधेच थांबलात तर उरलेल्यांचं काय, हे लिहून घ्या.

सुरू तर केलंय, पण काही घडत नाहीये

सेशनमधून निघताना भारावल्यासारखं वाटतं आणि चार दिवसांनी सगळं जैसे थे. अशा वेळी मागच्या दोन सेशनच्या शेवटी काय ठरलं होतं ते आठवा. "जास्त आत्मविश्वासाने वागणार" असं काही ठरलं असेल तर बिघाड सापडला. "मंगळवारी अकराला फोन करणार" असं ठरायला हवं.

ठरलं होतं नेमकं, पण तुम्ही दर वेळी ते न करता जाता? मग ध्येय तुमचं नसावं. ते बदलण्याची मुभा आहे, कोचला तसं सरळ सांगा.

कोचच जास्त बोलतो? सांगून पाहा, एकदा. फरक पडला नाही तर थांबा.

आणि कोचला विचारल्याशिवाय छोटा निर्णयही घेता येईनासा झाला असेल, तर प्रगती उलट्या दिशेने चाललीय. चांगल्या कोचिंगमध्ये सेशनमधलं अंतर हळूहळू वाढत जातं.

चार सेशननंतर एखादी तरी गोष्ट घडलेली दिसायला हवी, कितीही छोटी. पाठवलेला अर्ज, नाकारलेलं काम, कुणाशी झालेलं अवघड बोलणं. काहीच नसेल तर कोच, ध्येय किंवा वेळ यांपैकी काहीतरी चुकलंय, आणि हे बोलून दाखवल्यावर कोच रागावला तर उत्तर मिळालंच.

फुकटात करून पाहण्यासारखं

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं १९९९ मधलं काम सांगतं की नुसत्या इराद्यापेक्षा "अमुक वेळ, अमुक जागा आली की मी अमुक करीन" असं आधीच ठरवलेलं जास्त प्रमाणात पार पडतं. तेव्हा दोन आठवडे हेच करा. एक वाक्य लिहा, ते एका मित्राला पाठवा, रविवारी त्याला झालं की नाही एवढंच कळवा. काम पुढे सरकलं तर तुम्हाला मित्र पुरेसा आहे. दोन्ही आठवडे गाडी एकाच जागी अडली, तर ती जागा टिपून ठेवा; कोचकडे नेण्याजोगी माहिती तीच.

मी त्याच कोचबाईंकडे सात महिन्यांनी पुन्हा गेले. या वेळी वहीत लिहून नेलं होतं: "दर वाढवायचे आहेत, नवा दर ठरलाय, पण जुन्या ग्राहकांना सांगताना जीभ अडखळते." चार सेशन लागली. तिसऱ्यानंतर मी पहिला फोन केला.